इदालिनाने ताणलेल्या तारा

इदालिना गुलार्तचे बूट पलंगाखाली कायम दाराकडे तोंड करून ठेवलेले असत. पळायची वेळ आली तर पाय चाचपडू नयेत, थेट बुटात जावेत, एवढंच त्यामागचं कारण. दाराजवळच्या खुंटीला एक पिशवी टांगलेली होती. तिच्यात कागदपत्रं, लेकीचा स्वेटर आणि बिस्किटांचा डबा. मॅसॅच्युसेट्समधल्या हडसन गावात येऊन तिला बरीच वर्षं झाली होती आणि पळून जावं असं या गावात कधी काही घडलं नव्हतं. नवरा जेर्मानो म्हणायचा, "अगं, इथे फार तर बर्फ पडतो. आणि तोसुद्धा आदल्या दिवशी रेडिओवर सांगून येतो." पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते काही खोटं नाही. इदालिना मोटार चालवत नव्हती, लिफ्टमध्ये चढत नव्हती, आणि फोन वाजला की आधी छातीवर क्रूस करून मग उचलत होती.

तिच्या भीतीला जन्मगाव होतं. पोर्तुगिजांच्या फायाल बेटावर, कापेलो गावात, ती पोरवयात असताना एका सकाळी समुद्रातून धूर निघाला आणि मग वर्षभर आकाशातून राख पडत राहिली. बाप रोज शिडी लावून छपरावर चढायचा आणि फावड्याने राख खाली लोटायचा. शेजाऱ्याने एक दिवस कंटाळा केला तर त्याचं छप्पर गोठ्यासकट खाली बसलं. दारं-खिडक्या लावलेल्या त्या काळोख्या घरात आईने पोरींना विणायला बसवलं. क्रोशाची सुई, पांढरा दोरा आणि पडद्यांच्या झालरी. "हात थांबला की भीती आत शिरते," आई म्हणायची. आणि दोरा जरा ढिला पडला की सुई उलटी करून बोटांवर मारायची. "सैल दोरा, सैल बाई!" बाहेर जमीन हलत होती आणि आत इदालिना दोरा ताणून धरत होती. भिणं आणि ताणणं या दोन गोष्टी ती अशा एकाच खोलीत शिकली. त्या पुढे तिला कधी वेगळ्या करता आल्या नाहीत.

हडसनला आल्यावर आधी ती बुटांच्या कारखान्यात लागली. तो बंद पडला तेव्हा नदीकाठच्या जुन्या लोकरीच्या गिरणीत विजेची यंत्रं बनवणारी एक कंपनी आली होती. कंपनीचं नाव लांबलचक होतं. बायका तिला नुसतं 'गिरणी'च म्हणत. तिथे तिसऱ्या मजल्यावर, लोकरीच्या तेलाचा वास अजून न गेलेल्या फळ्यांवर, तारा गुंडाळायचं काम चाले.

काम बघायला सोपं. बोर्डाच्या एका अंगाला चिप बसवायच्या खोबण्या, दुसऱ्या अंगाला त्यांच्या पिना, उताण्या ठेवलेल्या ब्रशासारख्या दाट उभ्या. बारीक तार घ्यायची, तिचं टोक सोलायचं, ते बंदुकीसारख्या हत्याराच्या नळीतल्या भोकात घालायचं, नळी पिनेवर बसवायची आणि घोडा दाबायचा. गर्रकन आवाज होतो आणि तार पिनेला वेटोळं घालून बसते. डाग द्यायला नको, काही नको. पिन गोल नसते, चौकोनी असते. तिचे धारदार कोपरे उघड्या तारेला चावतात, आणि तो चावा वर्षानुवर्षं सुटत नाही. इंजिनियरचं मन बदललं, आणि ते दर दुपारी बदलतंच, की वेटोळं उलटं फिरवून काढायचं आणि तार दुसऱ्या पिनेला न्यायची. नव्या यंत्राचा पहिलावहिला नमुना असाच जन्माला येई.

अशा कामाला झालरी विणणाऱ्या बायका मिळाल्या म्हणजे कंपनीच्या दृष्टीने दुधात साखर. पहिल्या आठवड्यात म्हाताऱ्या मिसेस टिबेट्सनी सगळ्यांना बजावलं होतं, "तार सैल सोडा गं. पिनेला वळसा घालताना जरा ढील द्या." शेजारच्या टेबलावरच्या ओतीलियाने ते तत्काळ ऐकलं, कारण ढिलाई तिच्या स्वभावातच होती. तिचा बोर्ड म्हणजे कावळ्याचं घरटं. इदालिनाने मान डोलावली, पण तिच्या हाताने काही ऐकलं नाही. सैल तार दिसली की तिची बोटं दुखत. तिच्या तारा सरळ रेषेत जात, पिनेच्या कोपऱ्यावर काटकोनात वळत आणि पुन्हा सरळ. मिसेस टिबेट्स निवृत्त झाल्या. पुढे पाहुणे आले की साहेब लोक त्यांना इदालिनाच्या टेबलाशी आणत. मिस्टर हॅस्केल नावाच्या इंजिनियरने तर तिच्या बोर्डाचा फोटो काढून भिंतीवर लावला. मग तिला 'सैल सोड' असं कोण कशाला सांगेल?

"माझा बोर्ड चालतो आणि तुझा मिरवतो," ओतीलिया म्हणायची. ओतीलिया अंगाने रुंद आणि तोंडाने फटकळ होती. इदालिनाच्या लेकीला बाप्तिस्म्याच्या वेळी तिनेच हातांवर घेतलं होतं, म्हणून दोघी एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणत. गेली कित्येक वर्षं दोघींचं जेवण एक होतं. ओतीलियाने गोड पाव आणायचा, इदालिनाने चीज आणायचं, आणि पाव ओतीलियानेच मोडायचा.

त्या हिवाळ्यात हॅस्केलने हृदयावर पहारा ठेवणारी एक पेटी काढली. रोग्याच्या छातीला चिकटवलेल्या वायरी पेटीत जायच्या, काचेवर हिरवी रेघ उड्या मारत चालायची, आणि ठोका थांबला की पेटीतला भोंगा असा ओरडायचा की दोन खोल्यांपलीकडची माणसं धावून यावीत. अशा दोन पेट्या झाल्या. दोन्हींचे बोर्ड इदालिनाने बांधले. एक पेटी हॅस्केलच्या टेबलावर राहिली. दुसरी शहरातल्या मोठ्या इस्पितळात चाचणीला गेली.

आणि वसंतात, परसातल्या द्राक्षवेलींची छाटणी करताना, ओतीलियाचा नवरा सेराफिम कात्री हातात घेऊनच खाली कोसळला. हृदयाचा झटका. त्याला त्याच इस्पितळात नेलं. ओतीलिया सकाळी कामावर येई आणि पाळी संपली की इस्पितळात जाऊन बसे. "घरात बसले तर भिंती खायला उठतात," ती म्हणाली. "इथे निदान तुझं भित्रं तोंड तरी बघायला मिळतं."

ही गोष्ट घडली त्या शुक्रवारी सकाळी हॅस्केल आपल्या टेबलावरच्या पेटीचा बोर्ड घेऊन इदालिनाकडे आला.

"भोंगा कधी वाजतो, कधी वाजत नाही," तो म्हणाला. "चिप गेली असणार. तरी तू जरा तारा बघून घे."

इदालिनाने दिवा ओढला, भिंग डोळ्यापुढे घेतलं आणि आपलंच काम न्याहाळायला लागली. सगळ्या तारा जागच्या जागी होत्या. सुबक, सरळ. मग तिला भोंग्याकडे जाणारी लाल तार दिसली. ती वाटेत ग्राउंडच्या, म्हणजे जमिनीला जोडलेल्या, एका पिनेला चाटून काटकोनात वळली होती. हिवाळ्यात बांधली तेव्हा तिच्या अंगावरचं लाल प्लास्टिक धडधाकट होतं. पण ताणलेली तार महिनोन्‌महिने त्या कोपऱ्यावर रेटून राहिली होती आणि प्लास्टिक हळूहळू दबून बाजूला सरलं होतं. आतलं तांबं चमकत होतं. ज्या कोपऱ्याच्या चाव्यावर ही सगळी विद्या उभी होती, तोच कोपरा चुकीच्या तारेला चावला होता. भोंग्याला जाणारा हुकूम वाटेतच जमिनीत मुरत होता.

आधी तिला आईची सुई आठवली. बोटांवर मार बसल्यासारखी बोटं झिणझिणली. पण आईने तर उलट सांगितलं होतं! मग तिला आपली नोकरी दिसली, भिंतीवरचा फोटो दिसला, आणि मग, या सगळ्याच्या मागून, दुसरी पेटी दिसली. तोच हिवाळा, तोच हात, तीच लाल तार, तोच कोपरा.

तिने बाजूला पाहिलं. कोणाचं लक्ष नव्हतं. तिने वेटोळी उलटी फिरवून ती तार काढली आणि दुसरी बांधली. या वेळी मधे ढील ठेवली. ती सैल तार तिला निलाजऱ्यासारखी वाटली.

हॅस्केलने बोर्ड पेटीत बसवला आणि कळ दाबली. भोंगा कडाडला. ओतीलियाने कानांवर हात ठेवले.

"काय होतं गं?" हॅस्केलने विचारलं.

"तार," इदालिना म्हणाली. "एक तार होती."

"शाबास," म्हणून तो पेटी उचलून निघालासुद्धा. 'दुसरी पेटीही बघा' एवढंच वाक्य तिला बोलायचं होतं. इंग्रजीत ते फार तर चार शब्दांचं झालं असतं. तिने तोंड उघडलं, आणि हॅस्केलची पाठ दाराबाहेर जाईपर्यंत ते उघडंच राहिलं. जेवणानंतर सांगू, असं तिने स्वतःला सांगितलं. भित्रा माणूस कुठलीही गोष्ट नाकारत नाही, फक्त पुढे ढकलतो.

जेवायला दोघी खिडकीशी बसल्या. चर्चच्या उपासाचे दिवस, म्हणून मटण नव्हतं. डब्यातले सार्डिन मासे, चीज आणि ओतीलियाचा गोड पाव. ओतीलियाने पाव मोडला आणि मोठा तुकडा इदालिनाकडे सरकवला.

"तुला सांगायचंच राहिलं बघ," ती म्हणाली. "काल सेराफिमला खिडकीजवळच्या खाटेवर हलवलं. आणि उशाशी कोण उभं असेल? ओळख!"

"कोण?"

"आपली पेटी! गिरणीची! मी सिस्टरला म्हटलं, बाई गं, ही माझ्या कोमाद्रेच्या हातची आहे. हिच्या आत चर्चमधल्या झालरीसारखं काम आहे. काल मी रात्रभर बिनघोर झोपले. तुझे हात त्याच्या उशाशी आहेत म्हटल्यावर मला कसली काळजी?"

इदालिनाच्या तोंडात पावाचा घास होता. तो ना गिळता येईना, ना टाकता.

"तोंड बघ कसं झालंय! जसा झटका तुलाच आलाय," ओतीलिया हसली. "भित्री भागूबाई! डॉक्टर म्हणाले, हे पहिले आठ-दहा दिवस तेवढे सांभाळायचे. पुन्हा थांबलं काळीज तर तिथल्या तिथे धावायला हवं, एवढंच. त्यासाठी तर ती पेटी आहे ना."

आता सांगायलाच हवं होतं. समोर जिवाभावाची बाई बसली होती, आणि तिच्या नवऱ्याचा जीव एका लाल तारेवर होता. पण सांगायचं म्हणजे ओतीलियाच्या त्या हसऱ्या तोंडात हे शब्द कोंबायचे. आणि कोण जाणे, त्या पेटीतली तार धड असेलही. मग उगाच कशाला घाबरवायचं? इदालिनाने पाण्याच्या घोटाबरोबर घास खाली ढकलला.

"मी पण येते आज," ती म्हणाली. "त्यांना भेटायला."

"तू? माझ्या मोटारीत? देवा, आज सूर्य कुठे उगवला!"

दुपारभर तिने हॅस्केलची वाट पाहिली. तो बैठकीला बसला होता. खरं तर बैठकीचं दार काही कुलूप लावलेलं नव्हतं, ठोठावलं असतं तर उघडलं असतं. पाळी संपली तेव्हा इदालिनाने अॅप्रनच्या खिशात तार गुंडाळायचं हातसाधन आणि लाल तारेचा तुकडा टाकला. तिचा बेत ऐकला तर हसू येईल. सगळ्यांची पाठ वळली की पेटी मागून उघडायची, तार बदलायची, आणि कोणाला काही कळायच्या आत गप्प बसायचं.

मोटारीत ओतीलिया एकटीच बोलत होती. सेराफिमने कोणती वेल अर्धी छाटली, कोणती राहिली. इदालिना खिशावर हात दाबून बसली होती. रस्त्यात प्रत्येक चौकात तिने ठरवलं की पुढच्या चौकात सांगू. आपण भितो ते कशाला, हेही तिला आता नीट कळेना. सेराफिम मरेल याला, की तो मेल्यावर ओतीलिया आपल्याकडे बघेल त्याला? दुसरं उत्तर खरं असेल असं तिला वाटलं आणि स्वतःची किळस आली.

सेराफिम उशीला टेकून बसला होता. चेहरा उतरलेला, पण मिशी विंचरलेली.

"या, या कोमाद्रे! लिफ्टने आलात की जिन्याने?"

"जिन्याने," ओतीलिया म्हणाली. "मला पण चढायला लावलं मेलीने."

"बघा तुमच्या पेटीवर माझं काळीज कसं नाचतंय," सेराफिम म्हणाला. "नाचात मी असा चांगला कधीच नव्हतो."

हिरवी रेघ उड्या मारत चालली होती. पेटीची पाठ भिंतीकडे होती आणि तिला चार स्क्रू होते. इदालिनाने खिसा चाचपला. गडबडीत पेचकसच आणला नव्हता. एरवी हे आठवून ती स्वतःच हसली असती. आता ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि त्या रेघेकडे बघत राहिली. रेघ उडी मारी, तिचा श्वास सुटे. रेघ खाली येई, श्वास अडके.

सेराफिम पाण्याचा पेला घ्यायला वळला आणि छातीवरची एक वायर निघून आली. रेघ एकदम आडवी झाली. इतक्यात सिस्टर आत आली, लाल केसांची, तरतरीत, आणि सवयीच्या हाताने वायर पुन्हा चिकटवून मोकळी झाली. रेघ पुन्हा उडायला लागली.

"हा माणूस स्वस्थ म्हणून राहत नाही," सिस्टर म्हणाली. "काल वायर निघाली रे निघाली की ही पेटी बोंब मारायची. दर वेळी मी धावत यायची, आणि हे आपले हसतायत! आज मात्र गुणी झालीय पेटी. सकाळपासून एकदाही ओरडली नाही."

"माझ्या कोमाद्रेचं वळण लागलं तिला," ओतीलिया म्हणाली. सिस्टरला ते पोर्तुगीज कळलं नाही, तरी तीही हसली. सेराफिम हसला.

आता 'असेलही' उरलं नव्हतं, 'नसेलही' उरलं नव्हतं. भोंगा मेला होता. या हसणाऱ्या माणसाचं काळीज आता, या क्षणी थांबलं असतं तर सिस्टर बाहेर आपल्या टेबलाशी बसून राहिली असती, आणि पेटीने गुणी पोरीसारखं तोंड मिटून सगळं पाहिलं असतं.

तिने खाली मान घातली. तिचे बूट दाराकडे वळलेले होते. पायांनी तिला न विचारताच ते केलं होतं.

"सिस्टर," ती म्हणाली, पण आवाज फुटला नाही. सिस्टर निघाली होती. "सिस्टर!" या वेळी तो असा फुटला की पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने डोळे उघडले. इदालिनाला पुढचे इंग्रजी शब्द सुचेनात. एकही सुचेना. मग ती उठली, सेराफिमच्या सदऱ्यात हात घातला आणि छातीवरच्या सगळ्या वायरी एका हिसक्यात उपटून काढल्या.

"अगं आई गं! माझे केस!" सेराफिम ओरडला.

"वेड लागलं का तुला?" ओतीलियाने तिचं मनगट पकडलं.

इदालिनाने मोकळ्या हाताने पेटीकडे बोट दाखवलं. रेघ आडवी पडली होती. सगळे तिकडे बघायला लागले. सगळे वाट बघत होते, आणि आपण कशाची वाट बघतोय ते एकेकाच्या ध्यानात येत गेलं. बाहेर कोणी तरी भांड्यांची गाडी ढकलत नेत होतं, तिची चाकं कुरकुरत लांब गेली. पेटीतून चकार शब्द आला नाही.

सिस्टरने आधी सेराफिमची नाडी धरली, आणि मग दाराकडे तोंड करून जुनं मशीन आणायला कोणाला तरी हाक मारली.

"माझी तार," इदालिना मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगत होती. "मी बांधली. घट्ट. फार घट्ट. तार कापली. भोंगा नाही." मग ओतीलियाकडे वळून तेच आपल्या भाषेत म्हणाली. ओतीलियाने तिचं मनगट सोडलं. ओतीलिया बोलत नाही हे इदालिनाने आजवर कधी पाहिलं नव्हतं.

जुनं मशीन आलं, ठोक्यागणिक टिकटिकायला लागलं. परत येताना ओतीलियाने नजर रस्त्यावरच ठेवली. इदालिनाच्या दाराशी तिने गाडी थांबवली आणि इंजिन चालूच ठेवलं.

घरी तिने जेर्मानोला सगळं सांगितलं. तो शाळेत झाडलोटीचं काम करायचा, आणि कोणत्याही संकटावर त्याच्याकडे एक झाडू तयार असे. "काढून टाकतील, दुसरं काय," तो म्हणाला. "माझ्याबरोबर ये. शाळेचं मैदान मोठं आहे." मग तिचा चेहरा बघून तो जवळ बसला. शनिवारी फोन वाजला नाही, आणि तो वाजला नाही म्हणून ती दिवसभर भीत राहिली. रविवारी चर्चमध्ये ओतीलियाची जागा रिकामी होती. त्या रिकाम्या बाकाकडे बघताना इदालिनाला सेराफिमची शवपेटीसुद्धा दिसायला लागली. प्रार्थनेचे शब्द ओठांवर होते आणि मनात एकच चाललं होतं. आडवी रेघ, आडवी रेघ.

सोमवारी हॅस्केल तिच्या टेबलाशी उभा होता. इस्पितळातली पेटी त्याने आणवली होती, उघडलीही होती. त्याने बोर्ड भिंगाखाली धरला. तोच कोपरा, तेच तांबं. त्याने आणखीही काही तारा शोधल्या होत्या, अजून उघड्या पडल्या नव्हत्या, पण दबायला लागल्या होत्या.

"हा फोटो मीच लावला होता," तो म्हणाला. त्याने भिंतीवरून फोटो काढला आणि टेबलावर पालथा ठेवला. "मलाही काही दिसलं नाही. नुसतं सुंदर दिसलं."

"मी जाऊ का?" इदालिनाने विचारलं. तिला घरी जाऊ का असं म्हणायचं होतं, कायमचं.

"कुठे? दोन्ही बोर्ड पुन्हा बांधायचेत. दुसरं कोण बांधणार?"

ओतीलिया जेवणाच्या वेळेला आली. नेहमीच्या जागी बसली, कागद उलगडून पाव बाहेर काढला, पण मोडला नाही. इदालिना तिच्यासमोर उभीच राहिली. तिला विचारायचं धैर्य होईना.

"काल दुपारी त्याचं काळीज थांबलं," ओतीलिया म्हणाली.

इदालिनाने खिडकीची चौकट धरली.

"ते जुनं मशीन असं बोंबललं म्हणे की वरच्या मजल्यावरून डॉक्टर धावत आले. छातीवर गुद्दे घातले, विजेचा झटका दिला. आणलं परत." तिने नाक पुसलं. "आता बरा आहे. बरगड्या दुखतायत. आणि केस उपटल्याची तक्रार करतोय सगळ्यांकडे."

इदालिनाला रडू कोसळलं. ती मटकन खाली बसली आणि अॅप्रनमध्ये तोंड घालून रडत राहिली. ओतीलियाने तिला रडू दिलं. मग म्हणाली, "एक विचारते. शुक्रवारी आपण इथेच जेवत होतो. मी पेटीचं सांगितलं. तेव्हा तुला ठाऊक होतं?"

हा प्रश्न येणार हे इदालिनाला शुक्रवारपासून माहीत होतं, आणि त्याचं उत्तरही तिने तयार ठेवलं होतं. 'नाही, कोमाद्रे, तिथे गेल्यावर कळलं.' हे कोणाला कधीच खोटं पाडता आलं नसतं. सिस्टरला नाही, हॅस्केललाही नाही. तिचे बूट तर केव्हाच दाराकडे वळले असणार. तिने खाली पाहिलं नाही.

"हो," ती म्हणाली. "घास तोंडात होता. तेव्हा ठाऊक होतं."

ओतीलियाने पाव पुन्हा कागदात गुंडाळला.

"उद्यापासून तुझा पाव तू आण," ती म्हणाली आणि उठून गेली.

दुपारी इदालिना कामाला बसली. जुन्या तारा काढून बोर्ड कोरा केला होता. भीती तिच्या मांडीवर मांजरासारखी बसली होती, कुठे गेली नव्हती. ज्या गोष्टीला ती आयुष्यभर भ्यायली ती शेवटी झाली होती, आणि ती अजून श्वास घेत होती, एवढंच. तिने लाल तार सोलली, पहिलं वेटोळं घातलं, आणि तार दुसऱ्या पिनेकडे नेली. हात आपल्या वळणाने गेला. तार कोपऱ्याला भिडली, सरळ झाली, ताणली गेली.

"ओढतेयस," शेजारच्या टेबलावरून आवाज आला.

इदालिनाने मान वळवली. ओतीलियाने आपलं काम बाजूला ठेवलं होतं आणि स्टूल तिच्याकडे फिरवून ती तिच्या हातांकडे बघत बसली होती. चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"सोड," ओतीलिया म्हणाली.

इदालिनाने बोटं ढिली केली. तार कोपऱ्यापासून सुटली आणि वेडीवाकडी लोंबायला लागली.

"आणखी."